मिठाची मूठ

अक्कलकोटहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलेल्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या मांडीवरच्या पाच महिन्यांच्या लेकीवरून त्यांची नजर हलत नव्हती. मधेच त्या तिच्या तळव्याला हळूच बोट लावायच्या.

वळसंगच्या पुढे लेक जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना.

"करणीबिरणी काय न्हाय, घाबरू नगं. नुसती दृष्ट हाय," त्या म्हणाल्या. बाजाराच्या पिशवीतलं मूठभर मीठ त्यांनी तिच्यावरून ओवाळलं. "आल्यागेल्याची, आईबापाची..." जरा थांबून त्या म्हणाल्या, "माझी."

मी लेकीला छातीशी ओढलं.

"लई ग्वाड वाटली की गं. मायेचीबी लागती."

त्यांना जांभयांवर जांभया आल्या, डोळे पाण्याने भरले. मीठ खिडकीबाहेर टाकून त्या तोंड फिरवून बसल्या. लेक शांत झाली आणि त्यांचा पदर धरून खुदखुदू लागली.

"मावशी, हसतीय बघा."

"आता मी बगायचं न्हाय."

त्यांचं उतरायचं ठिकाण आलं. मान न वळवता त्यांनी मागे हात नेला आणि लेकीच्या मुठीतला पदर, तिचं एकेक बोट उलगडत, सोडवून घेतला.