लेडीजचं दार

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा एक-दोन वर्षं झाली असतील. घरोघरी केबल आली आणि टॉकीजचा लेडीज क्लास ओस पडत गेला. त्या क्लासच्या दारावर नर्मदाबाई डोअरकीपर होत्या. नवरा गेल्यावर धरलेलं काम. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची आणि पिच्चर सुरू झाला की व्हरांड्यातल्या स्टुलावर दाराला पाठ लावून बसायचं. लेकरांना बाहेर न्यावं लागे, म्हणून दाराला कडी घालत नसत. नर्मदाबाई हीच कडी. एखादा पिऊन आलेला गडी तिकडं वळला की त्या नुसत्या उठून उभ्या राहत. "बायकांचं हाय इकडं. डोळे फुटले का?" एवढं पुरायचं. नवरे, सासरे आपल्या बायकांना त्या दारात सोडून बिनघोर जेन्ट्सकडं जात, ते नर्मदाबाईंच्या भरवशावर.

मॅनेजर उत्तमसिंग मधूनमधून म्हणायचा, "मावशी, लेडीज बंदच करू म्हणतात सेठ. येतंय कोण?" नर्मदाबाई झाडत राहायच्या. पोरगी आकांक्षा दहावीला होती. दुसरं काम कुठं शोधायचं?

आणि मग तो पिच्चर लागला. संस्थानी काळातला. नवाबाचा खजिना, घोडागाड्या, झुंबरं आणि तो खजिना लुटणारा 'आपला तो'. बायका त्या हिरोचं नावच घेत नसत. लग्नाआधी ज्याच्यासाठी घरी खोटं बोलून टॉकीज गाठलं, तोच. आता गाल सुटलेले, मिशा चिकटवलेल्या. "म्हतारा झाला गं बाई," म्हणत हसायच्या आणि पुढच्या आठवड्यात नणंदेला घेऊन पुन्हा यायच्या. औंढ्याहून, कळमनुरीहून, बाळापूरहून जीप भरून यायला लागल्या. पडद्यावर चोर होता, तरी सगळा क्लास त्याच्या बाजूनं. नवाबाच्या पेट्यांतलं सोनं बाहेर निघालं की वाटे, आपल्याच घरचं कुणीतरी कधी नेलेलं परत येतंय.

नर्मदाबाई पिच्चर बघत नसत, ऐकत. रडणं, गाणं, मारामारी, सगळं पाठीमागच्या फळ्यांतून कळायचं. पण ह्या पिच्चरमध्ये एक जागा अशी होती की काहीच कळेना. इंटरव्हलच्या जरा आधी आतलं बोलणं थांबे, संगीत थांबे. मग नगारा वाजायचा, तोही घुमत नसे. पोतं बडवल्यासारखा बद्द आवाज. आणि साऱ्या बायका एकदम श्वास ओढून घ्यायच्या. काय असतं ते विचारलं तर म्हणायच्या, "मावशी, ते सांगून न्हाई कळत. तुमी बघाच."

शेवटी एका दुपारच्या खेळाला नर्मदाबाई स्टुलावरून उठल्या आणि आत गेल्या.

नवाबाच्या लेकीची वरात चालली होती. खजिना नगाऱ्यांत भरलेला. 'आपला तो' नगारची होऊन वाजवत होता आणि भरला नगारा काही घुमेना. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं कान टवकारले. पहारेकरी एक पाऊल पुढं आला. नर्मदाबाई भिंतीला टेकून, पदर दातात धरून उभ्या होत्या. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

वरात वेशीबाहेर पडली, बायकांनी टाळ्या पिटल्या, दिवे लागले. आणि किशनराव कंत्राटदारांची सून गळा चाचपत किंचाळली, "माझी पोत! माझी पोत गेली!"

तिच्या शेजारी शिवकन्या बसली होती. जवळा बाजारकडची, बकऱ्या-मेंढरं राखणाऱ्या घरातली नवी सून. नवरा अंगद जेन्ट्समध्ये होता.

"हिनंच घेतली! पहिल्यापासून माझ्या गळ्याकडं बघून राहिली व्हती."

"बघितली," शिवकन्या म्हणाली. "चांगली दिसली म्हून बघितली."

"ऐका! कबूल व्हऊन राहिली."

उत्तमसिंग दारात आला. बायकांत पुरुषानं कसं शिरावं, म्हणून तिथूनच त्यानं विचारलं, "मावशी, खेळ चालू असताना कुणी आत-बाहेर झालं?"

सगळ्या जणी नर्मदाबाईंकडं बघायला लागल्या. शिवकन्याही.

"न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "मी दारातच व्हते. कोनी आलं न्हाई, गेलं न्हाई."

मग बायकांनीच झडती घेतली. शिवकन्येचं लुगडं झटकलं, फडक्यात बांधलेली भाकर कुस्करली, अंबाडा सोडून केसांत बोटं घातली. काही निघालं नाही. "गिळली असंल," कुणीतरी म्हणालं. एक-दोघी हसल्या. तेवढ्यात अंगद दाराशी आला. मोकळ्या केसांची बायको आणि भोवती उभ्या बायका, एवढंच त्यानं बघितलं. काही न विचारता तो वळून चालायला लागला. शिवकन्या केस बांधत, चपला हातात घेऊन त्याच्या मागं पळाली.

घंटा झाली. झडती घेणाऱ्या आपापल्या खुर्च्यांत जाऊन बसल्या आणि राहिलेला पिच्चर सुरू झाला.

काही दिवसांनी जवळ्याकडच्या बायका खेळाला आल्या, त्यांच्या बोलण्यात निघालं: त्या पोरीला माहेरी घातली. चोरटा हात घरात नको म्हणे. नर्मदाबाईंच्या हातात तिकिटं तशीच राहिली. "मावशी, फाडा की," बायका म्हणाल्या.

जवळ्याच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी शेजारणीला दारावर बसवलं आणि एसटी धरली. शिवकन्येची सासू अनुसयाबाई बकऱ्यांच्या बाजारात बोकडाचा दोर धरून उभी होती.

"तुमच्या सुनंनं न्हाई घेतली पोत," नर्मदाबाई म्हणाल्या. "दार मोकळं व्हतं. मी आत पिच्चर बघत व्हते. कोनीबी आलं असंल, गेलं असंल."

अनुसयाबाईनं दोराचा वेढा हातावर आवळला. "तवा काहून न्हाई बोललीस?"

"काम गेलं असतं."

"मंग आता काहून आलीस?"

बोकडानं दोर ओढला, तशा नर्मदाबाई एक पाऊल मागं सरल्या.

"माझ्या सुनंचे केस साऱ्या बायांम्होरं सोडले," अनुसयाबाई म्हणाली. "कुठकुठल्या बाया व्हत्या तिथं. त्या गावोगाव सांगून राहिल्या. आन् तू मला एकटीला बकऱ्यात येऊन सांगती! माझं भावकीत कोन ऐकंल? ज्याहिनं बघितलं त्याहिला सांग बाई. त्या म्हनल्या तर मी सोता जाऊन आनते पोरीला."

दुसऱ्याच दिवशी, दुपारच्याच खेळाला, इंटरव्हलचे दिवे लागले तशा नर्मदाबाई पडद्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. सगळं बोलल्या. दार सोडल्याचं बोलल्या, खोटं बोलल्याचं बोलल्या, शिवकन्येचं नाव घेतलं.

बायका शेंगा खाता खाता ऐकत होत्या.

"कोन शिवकन्या?"

"आमी सेनगावच्या बाई. आजच आलो."

"कवा झालं हे?"

"म्हंजी इथं चोऱ्या व्हतात व्हय?" असं एकीनं म्हटलं मात्र, साऱ्या क्लासचे हात आपापल्या गळ्याशी गेले. शेजारी कोण बसलंय ते जी ती निरखायला लागली. कोपऱ्यात फाटक्या पदराची एक बाई बसली होती. तिच्याजवळच्या दोघी उठून पुढं जाऊन बसल्या.

"तसं न्हाई वो," नर्मदाबाई म्हणत होत्या, "तसं न्हाई..."

दिवे गेले. "मावशी, सरका. दिसंना."

बाहेर उत्तमसिंग उभा होता. त्यानं रागावून काही म्हटलं नाही. त्यांच्या हातातली बॅटरी काढून घेतली. "दार सोडलं ते सोडलं, पण हे सांगायला कुणी सांगितलं होतं, मावशी?"

पिच्चर उतरेपर्यंत नर्मदाबाई टॉकीजच्या फाटकाबाहेर उभ्या राहत. एवढ्या बायका पुन्हा पुन्हा येतात, त्या दिवशीची एखादी तरी सापडेल. एक सापडली. झडतीत अंबाडा सोडणारी तीच. नर्मदाबाईंनी तिचा हात धरला, जवळ्याला चला म्हणून विनवलं.

बाई चांगली होती. हात न झटकता ऐकून घेतलं तिनं. "व्हते मी," ती म्हणाली. "पन मावशी, त्या पोरीचं तोंडच आठवत न्हाई मला. समोर आली तरी वळखू यायची न्हाई. मी कुनाला काय सांगू?"

आणि खेळाची वेळ झाली म्हणून ती आत गेली.