ओढ्याअलीकडचे, ओढ्यापलीकडचे

डोंगरकडा गावच्या माझ्या साडूइतका बुद्धिमान माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे वाक्य लिहिताना आजही माझ्या पोटात दुखतं. मी हिंगोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा, एम.एस्सी.; तो दहावी नापास, शेळ्या राखणारा. पण जवळा बाजारला सासरी गेलो की सासरे मला नुसतं "या, बसा" म्हणत आणि त्याला, "ये रे, आज काय नवं?" माझी सख्खी बायको माझ्या ताटात पोळी वाढता वाढता हात तसाच धरून उभी राही, कारण तिचे दाजी बोलून राहिलेले असत!

लोक खिशात तंबाखूची डबी ठेवतात, हा काडीपेट्या ठेवी. डाव्या खिशात गावच्या ओढ्याअलीकडचे रातकिडे, उजव्यात पलीकडचे. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्याचा डावा खिसा किर्र करू लागला, तर यानं खिशालाच दटावलं, "गप की, अक्षदा पडून राहिल्या!" मेव्हण्या हसून लोळल्या. माझ्या विनोदाला त्या कधी हसल्याचं मला आठवत नाही.

हे किडे दिसायला अगदी सारखे. मी भिंगातून पाहून 'एकच प्रजाती' असा निकाल दिला, तर हा म्हणतो, "साडूबुवा, डोळ्यानं काय पाहता? गाणं ऐका. अलीकडचा तोडून तोडून म्हणतो, पलीकडचा एका दमात. अन् अलीकडची मादी पलीकडच्याकडं ढुंकून पाहत न्हाई. सोयरीकच न्हाई, तर एक कसे?" प्रजातीची हीच व्याख्या मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत होतो. वर पुन्हा विचारतो, "गाणं बदललेला पहिला नर निघाला असंल, तवा त्याचं ऐकणारी कोण होती? आधी गाणं बदललं का आधी कान?"

"अभ्यासक्रमात नाही," मी म्हणालो.

त्याची जिरवावी म्हणून मी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना जीपमधून त्याच्या ओढ्यावर नेलं. दिवेलागणीला तासभर ऐकून ते मांडीवर थाप मारत म्हणाले, "अहो, या दोन वेगळ्या प्रजाती असाव्यात! आणि यांचा प्रश्न तर अजून कुणाला नीट सुटलेला नाही!" निघताना साडू फाट्यापर्यंत पोचवायला आला. तो पुढे, प्राध्यापकांशेजारी. मी मागे, स्टेपनीशेजारी.

त्यानंतर काही वर्षांनी दिवाळीत त्याच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी त्यानं मला ओढ्यावर नेलं.

"साडूबुवा, तुमी ऐका. माणसं ऐकू येतात मला, शेळ्या येतात. हे बारीक तेवढं बंद झालं. दोनी हायेत का अजून?"

हा माणूस एकदा तरी चुकावा म्हणून मी वर्षानुवर्षं झुरलो होतो. मी कान दिला. नुसतं किर्र. त्यात अलीकडचं कोणतं नि पलीकडचं कोणतं, मला कळेना. ऐकायला मी कधी शिकलोच नव्हतो.

"दोन्ही आहेत," मी म्हणालो.

"बराबर?"

"बराबर."

तो रिकामे खिसे चाचपत हसला.

दुसऱ्या दिवशी मी एसटी मुद्दाम चुकवली. निदान आपलं खोटं तपासून तरी पाहावं म्हणून संध्याकाळी त्याला न सांगता ओढ्यावर जाऊन बसलो. तोडून तोडून म्हणणारा एक सापडला. दुसऱ्यासाठी अजून अधूनमधून जाऊन बसतो.