शटर ओढलं म्हणून जन्मठेप

माझा धाकटा भाऊ फर्निचरला पॉलिश करतो. ओल्या पॉलिशवर धुळीचा एक कण बसला तरी दिवसभर त्याचं तोंड उतरलेलं. म्हणून शेवटचा हात मारायच्या आधी तो कारखान्याचं शटर खाली ओढायचा. रोज चार वाजता, आत कोण, बाहेर कोण, काही न बघता. सुतार म्हणायचे, "चला, साहेबांची समाधी लागली."

त्या दिवशी दोघे सुतार ठेकेदाराशी भांडत होते. भांडणं तिथं रोजचीच. यानं नेहमीसारखं शटर ओढलं आणि पाठ करून एका कपाटाच्या दारावर पॉलिश चढवायला लागला. मागे एका सुतारानं ठेकेदाराला धरलं, दुसऱ्यानं पटाशी खुपसली. किंचाळी ऐकून हा वळला, शटर वर ढकलून यानंच लोकांना हाका मारल्या. ठेकेदार गेला आणि पोलिसांनी सुतारांबरोबर यालाही धरलं.

समोर शिवणकाम करणारी बाई राहते. तिची साक्ष झाली. "पॉलिशवाल्यानं शटर ओढलं, मग किंचाळी आली." एवढंच ऐकलं आणि मी तणतणत कोर्टाबाहेर पडले.

निकाल लागला : तिघांचा इरादा एकच. एकानं धरलं, एकानं मारलं, तिसऱ्यानं कुणी मदतीला येऊ नये म्हणून शटर ओढलं. तिघांनाही जन्मठेप. अहो, इरादा कसला! भाजी कुठली करू असं बायकोनं विचारलं तर 'कर काहीतरी' म्हणणारा माणूस हा. याला कटात घ्यायला कोण मोकळं बसलंय?

शिवणवाल्या बाईचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोनदा ती बोलायला आली, दोनदा मी तोंड फिरवून चालती झाले. सहा वर्षं भाऊ आत आणि ही खुशाल मशीन चालवतेय, असं मी गल्लीभर सांगत फिरले.

अपिलाला नवीन वकीलबाई मिळाल्या. कागद न कागद वाचणाऱ्या. एक दिवस त्यांनी फोन केला, "ताई, साक्षीचं शेवटचं पान वाचलंत?"

त्या पानावर बाई म्हणाली होती, "तो रोज चार वाजता शटर ओढतो. धूळ बसते म्हणून. त्या दिवशीही तसंच ओढलं." आमच्या पहिल्या वकिलानं त्यावर चकार शब्द काढला नाही. निकालात त्याची एक ओळ नाही. अर्धी साक्ष उचलून माणूस आत टाकला यांनी! पानं उलटायला हात दुखत होते का?

वरच्या कोर्टात वकीलबाईंनी ते पान वाचलं. न्यायाधीश म्हणाले, रोजची सवय म्हणजे खुनाचा इरादा नव्हे. भाऊ निर्दोष सुटला. वाचायला पाच मिनिटं लागली असतील. त्यासाठी सहा वर्षं!

सुटल्यावर तो आधी तिच्याकडेच गेला. मी मागून, मान खाली घालून. तिनं मशीन थांबवलं. मी म्हटलं, "माफ कर गं मला."

"माफी राहू द्या," ती म्हणाली. "ते शेवटचं मला कुणी विचारलं नव्हतं, ताई. तुम्ही बाकावर बसला असाल, निदान तुम्ही तरी ऐकाल, म्हणून मी सांगितलं होतं."