नातीचं जपान, आजोबांचं वेंगुर्ला

रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल लावायचा म्हटलं की मी टाळाटाळ करते. बाबांना एकच हौस, नातीच्या तोंडून मराठी ऐकायची. नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं जर्मनमधून. इंग्रजीचा मधला मार्ग बाबांना नामंजूर. "नातीशी मी इंग्रजी बोलू? मग झालंच!" त्यामुळे इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनच्या ऑफिसात आठवडाभर जर्मन बोलून विटलेली मी सुट्टीच्या दिवशी यांची दुभाषी. अडकित्त्यात सापडलेली सुपारी नुसती.

त्या रविवारी मुलगी आपणहून म्हणाली, शाळेतलं रेफेराट, म्हणजे वर्गापुढे करायचं भाषण, आजोबांना म्हणून दाखवते. विषय तिनेच निवडलेला, जपानला गेलेले डच व्यापारी. मी हरखलेच. ती बोलत गेली, मी मराठी करत गेले. नागासाकीपाशी एका इवल्याशा बेटावर त्यांना ठेवलं होतं. पूल ओलांडायचा तर परवानगी लागे. जपानी शिकायची मनाई, सगळं बोलणं दुभाष्यांमार्फत.

"डच म्हणजे आपले वेंगुर्ल्याच्या वखारीतले वलंदेज!" बाबा गरजले, आणि वेंगुर्ला सुरू झालं. मुलगी पेन चावत बसली.

ते एकदाचं संपल्यावर ती शोगुनपर्यंत पोचली. शोगुन म्हणजे तिथला खरा सत्ताधीश. त्याच्या दरबारी नजराणे घेऊन जावं लागे, आणि पडद्याआडून हुकूम सुटे, गा, नाचून दाखवा. हा तिचा सगळ्यात लाडका भाग. नाचाची नक्कलसुद्धा बसवली होती तिने. ती उठून उभी राहिली, तोच बाबा म्हणाले, "वेंगुर्ल्याला मात्र या वलंदेजांचा थाट..."

ती खाली बसली. जर्मनमधून म्हणाली, यांना माझं ऐकायचंच नाहीये, फक्त स्वतःचं सांगायचंय.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

मला दोघांचाही संताप आला होता. वर गोड बोलायचं तेही मीच. "म्हणते, आजोबांना केवढं माहीत आहे!"

बाबा फुलले. मुलीने माझ्याकडे रोखून पाहिलं, माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि मराठीत म्हणाली, "आजोबा, आई खोटं सांगते. मी म्हटलं, तुम्ही माझं ऐकत नाही."



"अगं, आधी इकडे ये!" बाबांनी स्वयंपाकघरातल्या माझ्या आईला हाक मारली. त्यांचे डोळे भरून आले होते. "पोरगी मराठीत बोलली!"

आई हात पुसत धावत आली. "हो? काय बोलली?"

मराठीच्या आनंदात ती काय म्हणाली, इकडे बाबांचं लक्षच नव्हतं.