टेपमधला बिघाड

द्वारका चौकाजवळच्या एका गाळ्यात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक काका बसतात. मी त्यांना नाव विचारलं नाही. मला ते जमत नाही.

बाबांच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. काकांनी नवा बसवला आणि बाबांची जिवापाड जपलेली कॅसेट लावून मशीनला कान टेकवला. एका जुन्या, नावाजलेल्या रॉक बँडने गिटार बाजूला ठेवून सिंथेसायझर हाती घेतला, त्या दिवसांतली ती कॅसेट. पहिलं गाणं लांबलचक ‘व्हूंऽऽऽ’ने सुरू होतं.

“मोटर घरघरतेय,” म्हणत काकांनी मशीन खोललं, तेल सोडलं, पुन्हा लावलं. व्हूंऽऽऽ. पुन्हा खोललं. मला खरं माहीत होतं, पण इतक्या गंभीर माणसाला सांगणार कसं? तिसऱ्यांदा मात्र त्यांनी कात्री उचलली.

“टेपच खराब आहे. एवढा तुकडा कापून जोडून देतो.”

“काका, नको! ते म्युझिक आहे!” मी चक्क ओरडले.

काकांनी कात्री ठेवली, डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “मशीन ओके आहे, ताई. बिघाड बँडमध्ये आहे. तो आपल्याकडे दुरुस्त होत नाही.”

घरी बाबांना मी यातलं पहिलंच वाक्य सांगितलं.