दुसरा बाप्तिस्मा

प्रिय रूथ आणि अमित,

रूथ, गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, इथल्या कॉलेजच्या ख्रिस्ती ग्रुपमधले म्हणतात, लहानपणीचा बाप्तिस्मा तुझा नाही, तुझ्या आईबाबांचा. आता समजून-उमजून स्वतःचा घे. घेऊ का?" मी काही बोलणार तोवर तुझ्या लेक्चरची वेळ झाली. बरंच झालं. हा प्रश्न आपल्या घरात पहिल्यांदा आलेला नाही. मी तुझ्याच वयाची असताना तो माझ्यापुढे आला होता, आणि ही हकीकत सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. अमितही पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल, म्हणून दोघांनाही लिहिते आहे.

मी कॉलेजसाठी गाव सोडलं ते परतूर स्टेशनवरून. तेव्हा तिथून छोट्या रुळांची गाडी औरंगाबादला जायची. गावातून बैलगाडीनं आलो होतो. माझे वडील, अण्णा, गावच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या चर्चचे पंच, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार अण्णाच छापील पुस्तकातून उपासना चालवायचे. गाडी हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रविवार चुकवायचा न्हाई." आई खिडकीला धरून चालत होती. "जल्दी पत्र टाक. आन् उपाशीपोटी प्रार्थनेला बसू नको, चक्कर येती तुला." डब्यातल्या बायका हसल्या. मला त्या दोघांची थोडी लाज वाटली आणि गाडी वळणावर गेल्यावर रडू आलं.

आमच्या घरात विश्वास घाऊक आला होता. माझ्या आजोबांनी ठरवलं आणि त्यांची सगळी आळी एकाच दिवशी विहिरीवर बाप्तिस्म्याला उभी राहिली. त्यानंतर कुणाला एकेकट्याला विचारण्याची गरजच पडली नाही. जेवणाआधी अण्णा प्रार्थना वाचायचे, आम्ही आमेन म्हणायचो. मी एकटीनं, माझ्या शब्दांत, देवाशी कधी काही बोलले नव्हते. तसं बोलता येतं हेही माहीत नव्हतं.

ते मला होस्टेलवर कळलं. शनिवारी दुपारी एका प्राध्यापकांच्या घरी ख्रिस्ती विद्यार्थी जमायचे. केरळची, तमिळनाडूची, नागालँडची मुलं असायची. गिटार, इंग्रजी गाणी, भरपूर चहा. सुझन नावाची केरळची तरुण बाई विद्यार्थ्यांमध्ये हेच काम करण्यासाठी नेमलेली होती. पहिल्या महिन्यात तिनं मला माझ्याविषयी विचारलं. मी आजोबांची विहीर सांगितली, अण्णांचं पंचपण सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हा तुझ्या आजोबांचा विश्वास झाला, हा वडिलांचा. तुझा कुठला?"

तिनं मला रोज सकाळी एकटीनं बसायला शिकवलं. बायबल वाचायचं, आणि मग जे मनात असेल ते, जसं असेल तसं बोलायचं. पहिले काही दिवस मी नुसतं वाचून उठायचे. मग बोलू लागले. अभ्यासाची भीती, माझ्या इंग्रजीला हसणारी मुलगी, घरची आठवण. कुणीतरी ऐकतं आहे असं मला वाटू लागलं. त्याचं याहून मोठं वर्णन मला तेव्हाही करता आलं नाही आणि आताही येत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरीही सकाळी खोलीचं दार लावून बसले. आमच्याकडे दार लावून बसायचं ते दुखण्यात, नाहीतर रुसल्यावर. आईनं बाहेरून विचारलं, "काय झालं गं? डोकं दुखून राह्यलं का?" मी म्हटलं, प्रार्थना करते आहे. "मंग दार कामून लावलं? देव काय चोरून आलाय का?" तोवर शेजारची सखूआत्या काढा घेऊन दारात उभी.

अण्णांना दारापेक्षा मी छापील पुस्तकाविना प्रार्थना करते याचं जास्त वाटलं. "कलेक्टरपुढं जाताना अर्ज नीट लिहून नेतेस ना? आन् देवापुढं तयारी न करता बोलायचं?"

दुसऱ्या वर्षी ग्रुपमधल्या काहीजणांनी मोठेपणी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. तलावात, पाण्याखाली पूर्ण बुडून. सुझन म्हणाली, "तू तयार आहेस. दिवाळीनंतर आमच्याबरोबर चल." मला ते बरोबर वाटलं. पण घरी न सांगता करायचं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत, कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी, आई अंगणात चर्चमध्ये द्यायची ज्वारी पाखडत होती. अण्णा शेजारी बसले होते. मी सांगितलं. आईचं सूप थांबलं. अण्णांनी शांतपणे विचारलं, "पहिला कुणी पुसला?"

"मला तेव्हा काही कळत नव्हतं, अण्णा."

"तुला नव्हतं. आम्हाला कळत व्हतं."

आई म्हणाली, "मी बाळतपणातून उठून, तुला दुपट्यात घेऊन उभी राह्यले, ते काय नाटक व्हतं का?"

अण्णा आवाज न चढवता म्हणाले, "तू जरूर घे. पण मंग मी पंच राहणार न्हाई. ज्याच्या पोरीलाच इथला बाप्तिस्मा खोटा वाटतो, त्यानं लोकांच्या पोरांना कोणत्या तोंडानं उभं करायचं?" ती धमकी नव्हती. ते तसंच करणार हे मला माहीत होतं, आणि अण्णांवाचून ते चर्च वर्षभरही चालणार नाही हेही.

दुसऱ्या दिवशी सण झाला. कणसं, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे ठेवल्या होत्या. पाळक आले होते, म्हणून त्याच उपासनेत एका तान्ह्या मुलाचा बाप्तिस्माही होता. तेव्हा सगळ्या मंडळीनं उभं राहून वचन द्यायचं असतं, की या लेकराला विश्वासात वाढवायला आम्ही हातभार लावू. सखूआत्या माझ्याजवळ बसली होती. तिनं माझा दंड धरला. "उठव गं मला. तुझ्या बाप्तिस्म्याच्या वख्ताला आपली आपण उठले व्हते. आता गुडघे ऐकंनात." मी तिला उठवलं आणि मीही उभी राहिले. सगळ्यांबरोबर मीही ते वचन दिलं. देऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की जे माझ्यासाठी दिलेलं मी रद्द करायला निघाले होते, तेच मी आत्ता दुसऱ्याच्या लेकरासाठी दिलं आहे, आणि खोटं दिलेलं नाही.

मी तलावावर गेले नाही. सुझन म्हणाली, "वडिलांना घाबरलीस." मी म्हटलं, थोडी घाबरलेही असेन, पण कारण ते नाही. तिला ते पटलं नाही. काही शनिवार ती माझ्याशी मोजकंच बोलली; मग पुन्हा शेजारी येऊन बसू लागली. मी ग्रुप सोडला नाही, आणि सकाळचं बसणंही. सुट्टीत मी दार लावतच राहिले. अण्णांनी ते सहन केलं, मान्य कधी केलं नाही.

नंतर नोकरी, लग्न, जालन्यातलं घर, आणि तुमच्या आईबाबांचं परदेशी जाणं. गावातलं चर्च आता वर्षातून एकदा, कापणीच्या सणाला उघडतं. अण्णा, आई, सखूआत्या कुणीच नाही. गावात आमचं घरही नाही. तरी "तुमचं घर कुठलं" असं कुणी विचारलं की मी त्याच गावाचं नाव सांगते, कारण मला काही कळत नसताना तिथली माणसं माझ्यासाठी उभी राहिली होती.

रूथ, सुझननं विचारला तो प्रश्न योग्यच होता, आणि तुझ्या ग्रुपमधल्यांचाही योग्य आहे. उत्तर तू दे. तू पाण्यात उतरलीस तर मी अण्णांसारखी राजीनाम्याची भाषा करणार नाही. फक्त एक तुला माहीत असावं. तुझा बाप्तिस्मा इथे जालन्यात झाला. तू सगळा वेळ झोपलेली होतीस. मंडळी उभी राहिली तेव्हा मीही उभी होते आणि मीही वचन दिलं होतं. तू काहीही ठरवलंस तरी ते मी परत घेतलेलं नाही.