जपानला निघालेला पाहुणा

नागपूरला शेतकी शिकत असताना मला जपानला जायची संधी मिळाली. धान लावायची तिकडची पद्धत शिकायचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम होता. त्या काळी जो तो जपानी धानाचे गोडवे गात होता. चांदा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मात्र सगळे हसले. या पोराला बापाच्या धानाच्या बांधीतला चिखल कमी पडला काय, असं लोक बापालाच विचारत.

परदेशी जायचं म्हणून मी देवीची लस टोचून घेतली होती. आमच्या गावातही टोचणारा येऊन गेला होता, पण तो दिसला की बाया पोरं लपवत. आईनं माझ्या धाकट्या बहिणीला धानाच्या ढोलीत बसवलं होतं. त्यावरून मी आईशी कडाडून भांडलो होतो. भांडणात मी पटाईतच होतो, पण उपयोग शून्य.

चैत्रात मी निरोप घ्यायला गावी गेलो. भर दुपारी आमच्या घरातून फोडणीचा वास आला नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता आणि बाप दाढी वाढवून ओट्यावर बसला होता. मला पाहून तो उठला नाही. बहिणीला देवी आल्या होत्या.

देवी घरात असेपर्यंत घरच्या माणसानं गावाची शीव ओलांडायची नाही, असा आमच्याकडे दंडक. ओलांडली तर तिचा कोप आत निजलेल्यावर होतो. मुंबईहून बोट चारच दिवसांनी सुटणार होती. उंबरा ओलांडला की मी घरचा झालो आणि जपान संपलं.

तरी मी उंबऱ्याकडे निघालो. जपान गेलं खड्ड्यात, असंच त्या घडीला वाटलं. तेवढ्यात आई दारात येऊन आडवी उभी राहिली. माझ्या तोंडाकडे न बघता, आत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "कोन्या गावचे भाऊ तुमी?"

"माय, मीच आहो."

"इथी तुमची माय नाई. माहं एकच लेकरू हाय, ते आत निजलं. पानी प्या अन् आपल्या वाटेनं जा."

पाहुण्याला दंडक लागू नव्हता. मला सोडवायला आईनं ही वाट काढली होती. पण देवीला रोज हात जोडणारी ही बाई तिच्या तोंडावर खोटं बोलत होती, आणि मला रोगापेक्षा त्याचीच भीती वाटली. आतून बहिणीनं "दादा" अशी हाक मारली. त्यावर आई आणखी मोठ्यानं बोलत राहिली. बापानं मान खाली घालून गाडीवाटेकडे हात केला. मी पाणी प्यालो आणि निघालो.

जपानात दोरी धरून सरळ ओळीत रोप लावायला शिकलो. घरून काहीच कळलं नाही. परत आलो तेव्हा आमचं धान पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. बाप शिवेवरच भेटला. मी गेलो त्याच आठवड्यात बहीण गेली होती.

रडत घरी पोचलो तर आई पाण्याचा लोटा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "या भाऊ, बसा." दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. बापानं मला बाजूला नेलं.

"देवीनं तिचं खरं मानलं," तो म्हणाला. "घरात एकच लेकरू हाय समजून तेच नेलं. आता तू उरला हे तिले कळू द्याचं नाई."

मी शिकलेला माणूस. वाद घातला, चिडलो, पाया पडलो. आई बधली नाही. माझ्या लग्नात ती शेजारणींमध्ये जाऊन बसली. मला नावानं हाक मारलेली मी पुन्हा ऐकली नाही, आणि ते दुखायचं कधी थांबलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो. तिनं माझा हात घट्ट धरला होता. पाहायला आलेली एक बाई तिला धीर द्यायला म्हणाली, "काऊन घाबरता बाई, लेक जवळ हाय ना." आईनं माझा हात सोडून दिला.